एपीकेचें गांठोडें : बसविण्यापूर्वीं तें उघडून कसें पाहावें

आपल्या संघाच्या बहुतेक सभासदांच्या हातीं आतां मोबाईल आला असून, पीक पाहणी, सातबाराचा उतारा, बाजारभाव, हवामानाचा अंदाज आणि बँकेचा व्यवहार हीं सर्व कामें त्यावरच होऊं लागलीं आहेत. पूर्वीं तलाठ्यानें बांधावर येऊन पीक लिहून न्यावें अशी रीत होती, ता. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीमुळें ती नोंद खातेदारानें स्वतःच आपल्या मोबाईलवरून करावयाची झाली. ह्या सोयीच्या पाठोपाठ एक संकटही दारांत आलें आहे. त्याचें नांव एपीके फाईल. ह्या फायलीपायीं लोकांचीं खातीं रिकामीं झाल्याच्या वार्ता आपण वरचेवर ऐकतों. परंतु ती फाईल म्हणजे नेमकें काय, तिच्या पोटांत काय असतें, आणि ती न बसवितां आंत कसें पाहावें, हें समजून घेण्याचा यत्न फार थोडे करितात. तो यत्न प्रस्तुत लेखांत करावयाचें योजिलें आहे.

आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. शिक्षण मराठी शाळेंतलें, इंग्रजी कामापुरतें. तेव्हां संगणकाच्या शास्त्राचे आम्ही पंडित आहों असें कोणीं समजूं नये. परंतु दप्तरें बांधणें व सोडणें, यादीबरहुकूम कागद तपासणें आणि सह्या पडताळून पाहणें ह्यांत उमेद खर्च झाल्यामुळें, एपीके फाईल जेव्हां आम्हीं प्रथम उघडून पाहिली, तेव्हां ती फारशी परकी वाटली नाहीं. जो शेतकरी उतारा न पाहतां जमिनीचा इसार देत नाहीं, त्यास ही विद्या अवघड नाहीं अशी आमची खात्री आहे.

विषयास कारण काय झालें

गेल्या खरिपांत एके दिवशीं सकाळीं आमच्या शेजारचे एक वृद्ध बागाईतदार मोबाईल हातांत घेऊन आमच्या ओटीवर आले. गांवांत लहानथोर सर्व त्यांस नाना म्हणतात. ते म्हणाले, "भाऊसाहेब, किसान योजनेचा हप्ता अडकला आहे म्हणे. ही फाईल दाबली कीं सुटेल असा निरोप आला आहे. दाबूं का ?"

आम्हीं विचारिलें, "नाना, निरोप कोणाचा ?"

"आपल्याच भावकींतल्या पोराचा. तो मला खोटें कशाला पाठवील ?"

पाहतों तों निरोप खरोखरच त्या तरुणाच्या क्रमांकावरून आलेला होता. नानांस बसवून घेऊन आम्हीं त्या तरुणास दूरध्वनि केला. त्यानें असें कांहींच पाठविलें नव्हतें. मात्र दोन दिवसांपूर्वीं अशीच एक फाईल त्यास दुसऱ्या एका ओळखीच्या क्रमांकावरून आली होती व ती त्यानें दाबली होती. आमचें बोलणें ऐकून त्यानें आपलें खातें पाहिलें, तों ऊसबिलाचे जमा झालेले बेचाळीस हजार रुपये तीन खेपांत निघून गेलेले. त्याच्या मोबाईलमध्यें शिरलेल्या ॲपनें त्याचे पैसे तर नेलेच, पण त्याच्याच नांवानें तीच फाईल साऱ्या भावकीस वांटली. नाना वांचले, कारण ते दाबण्यापूर्वीं विचारावयास आले.

येथें एक गोष्ट सांगणें जरूर आहे. किसान योजनेचे वर्षाचे ६,००० रुपये, प्रत्येकीं २,००० च्या तीन हप्त्यांनीं, सरकारांतून थेट खात्यांत जमा होतात. त्यासाठीं ओळख पटविण्याची ई-केवायसी करावी लागते हें खरें. परंतु ती योजनेच्या संकेतस्थळावर, प्ले स्टोअरवरील अधिकृत ॲपमध्यें किंवा सेवा केंद्रांत होते. कोणीं निरोपाबरोबर पाठविलेल्या फायलींत ती होत नाहीं.

१. एपीके म्हणजे काय ?

आपल्या खेड्यापाड्यांत दिसणारे बहुतेक मोबाईल अँड्रॉइड नांवाच्या प्रणालीवर चालतात. ही प्रणाली रचावयास घेणारी लहानशी कंपनी अमेरिकेंत २००३ सालीं निघाली. २००५ सालीं गूगल कंपनीनें ती विकत घेतली, आणि २००८ सालीं ह्या प्रणालीचा पहिला मोबाईल बाजारांत आला. ह्या प्रणालीवर जें जें ॲप बसवावयाचें, तें ज्या ठराविक बांधणीच्या गांठोड्यांतून येतें त्यास एपीके म्हणतात. 'अँड्रॉइड पॅकेज' ह्या शब्दांचें तें आंखूड रूप असून, फायलीच्या नांवाअखेर टिंब देऊन तीं तीन अक्षरें लिहिलेलीं असतात.

ह्यावरून एक गैरसमज आधींच दूर करावयास हवा. एपीके ही वस्तु मुळांत वाईट नव्हे. प्ले स्टोअरवरून आपण जें ॲप घेतों तेंही ह्याच बांधणीनें मोबाईलमध्यें उतरतें. फक्त तें गांठोडें आपल्या नजरेस पडत नाहीं, इतकेंच. एफ-ड्रॉइडसारखीं, ज्यांचा मूळ मजकूर कोणासही तपासतां येतो अशींच ॲपें ठेवणारीं निराळीं भांडारेंही आहेत, आणि तेथूनही एपीके फायलीच मिळतात. बियाण्याची पिशवी वाईट नसते. पिशवींत काय भरलें आहे व ती कोणाकडून आली, हा प्रश्न असतो.

गांठोडें बांधण्याची ही रीत झिप ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. अनेक फायली दाबून लहान करावयाच्या व एकाच फायलींत यादीसह बांधावयाच्या, अशी ही रीत फिल कॅट्झ नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १९८९ सालीं प्रचारांत आणिली. त्याच्या नांवाचीं आद्याक्षरें पी व के हीं आजही झिप फायलीच्या अगदीं आरंभीं आढळतात. एपीके फाईल संगणकावर साध्या नोटपॅडमध्यें उघडली, तर सारा मजकूर अगम्य दिसतो. परंतु पहिलीं दोन अक्षरें बहुधा हींच असतात. तात्पर्य, एपीके ही झिपच्याच बांधणीची फाईल असून, झिप सोडणाऱ्या साधनानें ती सोडतां येते.

२. गांठोड्यांत काय असतें ?

गांठोडें सोडल्यावर आंत पुढील वस्तु दिसतात.

(अ) अँड्रॉइड-मॅनिफेस्ट. हा सर्वांत महत्त्वाचा कागद. ॲपचें खरें नांव काय, तें कोणकोणते अधिकार मागतें, आणि त्याचीं कोणतीं कामें पडद्यामागें चालावयाचीं, हें सर्व त्यांत नमूद असतें. ह्या कागदाखेरीज मोबाईल कोणतेंही ॲप बसवून घेत नाहीं.

(आ) क्लासेस-डेक्स. ॲपनें काय करावयाचें त्याच्या आज्ञा ह्या फायलींत असतात. ही आज्ञापत्रिका यंत्रासाठीं लिहिलेली असल्यामुळें साध्या डोळ्यांस वाचतां येत नाहीं. डेक्स ह्या नांवांतील पहिलें अक्षर डाल्विक ह्या यंत्रणेवरून आलें आहे, आणि डाल्विक हें आइसलंड बेटावरील एका मासेमारीच्या गांवाचें नांव. एका डेक्स फायलींतून जास्तींत जास्त ६५,५३६ क्रियांचा निर्देश करतां येतो. म्हणून मोठ्या ॲपांत दुसरी, तिसरी अशा अनेक डेक्स फायली आढळतात.

(इ) रेस नांवाचा कप्पा व रिसोर्सेस नांवाची फाईल. चित्रें, बटनें, पडद्याची मांडणी व निरनिराळ्या भाषांतील शब्द ह्यांचा हा संग्रह व त्याची सूचि होय.

(ई) लिब. मोबाईलच्या मेंदूच्या जाती निरनिराळ्या असतात. त्या त्या जातीच्या खास भाषेंतील मजकूर येथें वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवितात. लहान ॲपांत हा कप्पा नसतोही.

(उ) ॲसेट्स. हें कोठार समजावें. करणारास जें जसेंच्या तसें बरोबर द्यावयाचें असेल, तें तो ह्यांत टाकतो. ह्या कोठाराकडे विशेष लक्ष असूं द्यावें. कारण पुढें कळेल.

(ऊ) मेटा-इन्फ. जुन्या पद्धतीच्या सहीचा हा कप्पा. दप्तरांतील प्रत्येक कागदाची यादी करून, त्या त्या कागदाच्या मजकुरावरून काढलेली खूण येथें लिहून ठेवितात, व त्या यादीवर सही करितात. कोर्टांत जाणाऱ्या प्रकरणाच्या पानांस क्रमांक घालून वर यादी जोडतात, तोच हेतु. एखादें पान मागाहून बदललें, तर खूण जुळत नाहीं व लबाडी उघडकीस येते. २०१६ सालच्या अँड्रॉइड ७ पासून ह्याहून पक्की रीत निघाली. तींत सबंध गांठोड्यावरच सही होते व ती ह्या कप्प्यांत नसून गांठोड्याच्या आंतल्या यादीच्या अगोदर घातलेली असते. म्हणून नव्या फायलींत हा कप्पा दिसला नाहीं, तरी तेवढ्यावरून ती बिनसहीची आहे असें मानूं नये.

३. मॅनिफेस्ट म्हणजे ॲपचा उतारा

आपण जमीन घेतांना सातबारावरील कब्जेदाराचें नांव पाहून थांबत नाहीं. इतर अधिकारांचा रकाना वाचतों. त्यांत सोसायटीचा बोजा, बँकेचें गहाण, कुळाचा हक्क जें असेल तें दिसतें. जमीन डोळ्यांस कितीही काळीभोर दिसो, खरी गोम त्या रकान्यांत असते. एपीकेचा इतर अधिकारांचा रकाना म्हणजे मॅनिफेस्टमधील परवानग्यांची यादी होय. त्यांतील पुढील नांवें वाचकांनीं ओळखून ठेवावीं.

रीड एसएमएस व रिसीव्ह एसएमएस : आलेले संदेश वाचण्याचा अधिकार. बँकेकडून येणारा एकवार वापरावयाचा गुप्त आंकडा, म्हणजे ओटीपी, संदेशांतूनच येतो. हा अधिकार दिला कीं तो आंकडा आपल्याबरोबर ॲपच्याही हातीं पडतो.

सेंड एसएमएस : आपल्या क्रमांकावरून संदेश पाठविण्याचा अधिकार. बँकेचीं व यूपीआयचीं ॲपें मोबाईलची ओळख पटविण्यास ह्याचा उपयोग करितात, आणि म्हणूनच ठकांसही तो हवा असतो.

रीड कॉन्टॅक्ट्स : आपल्या ओळखीच्या सर्व क्रमांकांची वही वाचण्याचा अधिकार.

रिक्वेस्ट इन्स्टॉल पॅकेजेस : दुसरीं ॲपें बसविण्यास सांगण्याचा अधिकार.

सिस्टिम अलर्ट विंडो : दुसऱ्या ॲपच्या पडद्यावर आपला पडदा आणून ठेवण्याचा अधिकार. खऱ्या बँकेच्या पानावर खोटें पान येतें, तें ह्याच मार्गानें.

ॲक्सेसिबिलिटी : ही सोय अंध व अपंग जनांसाठीं निर्माण झाली. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवावा व मालकाच्या वतीनें बटन दाबावें, असें तिचें पुण्यकर्म. परंतु तीच सत्ता ठकाच्या हातीं गेल्यास तो आपला पडदा वाचतो व आपल्याच बोटानें दाबल्याप्रमाणें बटनें दाबतो. म्हणून २०२२ सालच्या अँड्रॉइड १३ पासून, बाहेरून आणून बसविलेल्या ॲपास ही सत्ता देण्याच्या कामीं मोबाईल स्वतःच आडकाठी करितो.

आतां कोणी म्हणेल, हे अधिकार मागणारें प्रत्येक ॲप लबाड समजावें काय ? तसें नाहीं. मागणीचा कामाशीं मेळ बसतो कीं नाहीं तें पाहावें. पीक पाहणीचें ॲप कॅमेरा व ठिकाण मागतें, तें योग्यच. कारण उभ्या पिकाचें छायाचित्र व जागा ह्यांवांचून ती नोंद पुरी होत नाहीं. यूपीआयचें ॲप संदेशाचा अधिकार मागतें, त्यासही कारण आहे. परंतु लग्नाची निमंत्रणपत्रिका, वाहनाच्या दंडाचें चलन किंवा लाभार्थ्यांची यादी दाखविणाऱ्या ॲपास आपले संदेश कशाला हवेत ? बैल पाहावयास आलेल्या गिऱ्हाइकानें तिजोरीची किल्ली मागावी, त्यांतलाच हा प्रकार.

२०१५ सालच्या अँड्रॉइड ६ पासून असे नाजुक अधिकार ॲप बसल्यानंतर एकेक करून मोबाईल आपणांस विचारतो, व नाहीं म्हणण्याची मुभा असते. परंतु ठकाचें ॲप होकार मिळेपर्यंत पुढें सरकत नाहीं, आणि हप्त्याच्या आशेनें माणूस होकार देऊन बसतो. म्हणून उतारा आधीं वाचलेला बरा.

४. सही असली म्हणजे मालक प्रामाणिक ठरतो काय ?

ह्या मुद्द्यावर पुष्कळ शिकलेलेही चुकतात. बिनसहीचें एपीके मोबाईल स्वीकारीतच नाहीं. त्यामुळें ज्या अर्थीं बसलें त्या अर्थीं तें खरें असावें, अशी समजूत होते. ती निराधार आहे. ॲप करणारा ज्या गुप्त किल्लीनें सही करितो, ती त्याची त्यानेंच तयार केलेली असते. तीवर कोणत्याही अधिकाऱ्याची साक्ष लागत नाहीं. त्या सहीनें दोनच गोष्टी सिद्ध होतात. एक, सही झाल्यावर गांठोड्यांत कोणीं ढवळाढवळ केलेली नाहीं. आणि दुसरी, मागील आवृत्ति ज्यानें दिली त्यानेंच नवी दिली आहे. एकाच इसमाचा अंगठा दोन कागदांवर जुळला, म्हणजे तो इसम एकच इतकें कळतें. तो सज्जन आहे असें कळत नाहीं.

सहीचा उपयोग मात्र मोठा आहे. खरें ॲप व संशयित फाईल ह्यांच्या सह्यांच्या खुणा शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या. नांव व चित्र हुबेहूब असून खूण निराळी निघाली, तर ती फाईल त्या करणाराची नव्हे असें समजून ती बाजूस टाकावी. नांव व चित्र कोणासही उचलतां येतें. किल्ली उचलतां येत नाहीं.

५. उघडून पाहण्याची रीत

आतां प्रत्यक्ष कृति. तत्पूर्वीं एक भेद मनांत पक्का करावा. बसविणें वेगळें व उघडून पाहणें वेगळें. मोबाईलमध्यें एपीकेवर बोट दाबणें हें बसविण्याचें पहिलें पाऊल आहे. त्यास आम्ही उघडणें म्हणत नाहीं. दप्तर सोडून वाचणें आणि दप्तरांतील हुकमाची अंमलबजावणी करणें ह्यांत जो फरक, तोच येथें आहे.

पहिली पायरी : फाईल मोबाईलमध्यें न दाबतां संगणकावर न्यावी. साध्या विंडोजच्या संगणकावर एपीके आपणहून चालत नाहीं, म्हणून तेथें ती पाहणें निर्धोक. मात्र नांवाचा शेवट एपीके ह्या अक्षरांनींच होतो ना, हें नीट पाहावें. तेथें ईएक्सई असें असल्यास ती संगणकावर चालणारी फाईल होय. तीस हात लावूं नये.

दुसरी पायरी : मूळ फाईल तशीच ठेवून तिची एक प्रत करावी. प्रतीच्या नांवाअखेरचें एपीके काढून तेथें झिप असें लिहावें, व नेहमींच्या झिपप्रमाणें ती सोडावी. सेव्हन-झिप नांवाचें मोफत साधन संगणकावर असल्यास नांव बदलण्याचीही गरज नाहीं. त्यानें एपीके तशीच उघडते. वर वर्णिलेले कप्पे समोर येतील. कित्येक ठक गांठोडें मुद्दाम असें वेडेंवांकडें बांधतात कीं, मोबाईलनें तें घ्यावें पण तपासणाराचें साधन अडावें. अशा वेळीं येथें उघडत नाहीं, तर मोबाईलवरच दाबून पाहूं, असें कदापि करूं नये. न उघडणें हाच एक पुरावा समजावा.

तिसरी पायरी : मॅनिफेस्ट वाचावा. सोडलेला मॅनिफेस्ट नोटपॅडमध्यें घेतल्यास अक्षरें विस्कटलेलीं दिसतात, कारण तो यंत्राच्या सोयीसाठीं आंखूड करून ठेवलेला असतो. तो सरळ वाचण्यास अँड्रॉइड स्टुडिओ ह्या गूगलच्या मोफत साधनांत एपीके ॲनलायझर नांवाची सोय आहे. बिल्ड ह्या सूचींत ती सांपडते. जेडॅक्स नांवाचें दुसरें मोफत साधन त्याहून हलकें असून, त्यांत मॅनिफेस्टबरोबर डेक्समधील आज्ञाही बऱ्याच अंशीं वाचण्याजोग्या होतात. दोन्ही साधनें फाईल केवळ वाचून दाखवितात; ती चालवीत नाहींत. घरांत कॉलेजांत जाणारा मुलगा वा मुलगी असल्यास हें काम त्यांजकडे द्यावें व आपण शेजारीं बसावें.

चौथी पायरी : तीन प्रश्न विचारावे. ॲपचें खरें नांव खऱ्या संस्थेस शोभण्याजोगें आहे कीं अर्थहीन अक्षरांची माळ आहे ? परवानग्यांचा कामाशीं मेळ बसतो काय ? ॲसेट्सच्या कोठारांत दुसरें एखादें एपीके दडविलेलें आहे काय ?

पांचवी पायरी : इतकें करूनही शंका राहिल्यास, व्हायरसटोटल ह्या संकेतस्थळावर फाईल देऊन पाहावी. हें स्थळ २००४ सालीं सुरू झालें व २०१२ पासून गूगलकडे आहे. तेथें अनेक रोगनाशक साधनें एकाच वेळीं फाईल तपासून आपापला अभिप्राय देतात. पुष्कळांनीं दोष सांगितला तर संशय उरत नाहीं. मात्र कोणींच दोष न सांगितल्यास ती निर्दोष ठरते असें नव्हे; कालच बांधलेलें गांठोडें आज कोणाच्या ओळखीचें नसतें. आपलीं खासगी कागदपत्रें त्या स्थळावर कधींही देऊं नयेत; तेथें दिलेली वस्तु इतर तपासनीसांसही पाहावयास मिळते.

६. नानांच्या फायलींत काय निघालें ?

वरील रीतीनें नानांची फाईल आम्हीं पुतण्याच्या संगणकावर उघडली. वर नांव किसान योजनेचें व चित्र नांगरधारी शेतकऱ्याचें. मॅनिफेस्टमधील खरें नांव मात्र कोणत्याही भाषेंत अर्थ न लागणाऱ्या अक्षरांचें. पहिल्या गांठोड्यांत परवानग्या बेताच्याच होत्या. त्यांत दुसरें ॲप बसविण्याची एक होती. तेव्हां कोठार पाहिलें. त्यांत निराळ्याच नांवानें दुसरें एपीके ठेवलेलें होतें. तें सोडतां त्याच्या मॅनिफेस्टांत संदेश वाचणें, घेणें, पाठविणें व ओळखीच्या क्रमांकांची वही पाहणें हे सारे अधिकार ओळीनें मांडलेले. वरचें गांठोडें दाखवावयाचें व आंतलें काम साधावयाचें. वरच्यानें 'नवी आवृत्ति घ्या' म्हणून आंतलें बसवावयाचें, आणि आंतल्यानें कार्डाचे आंकडे व गुप्त पिन भरण्याचें खोटें पान पुढें करून, मागाहून येणारा ओटीपी परस्पर धन्याकडे धाडावयाचा, अशी ती रचना.

नाना शेजारीं बसून सारें पाहत होते. शेवटीं म्हणाले, "म्हणजे भाऊसाहेब, हा वरून दानपत्र आणि आंतून खरेदीखत !" ह्याहून नेमक्या शब्दांत आम्हांसही तें सांगतां आलें नसतें.

७. ज्यांजवळ संगणक नाहीं त्यांनीं काय करावें ?

त्यांस तर नियम अधिकच सोपा आहे. निरोपाबरोबर आलेली एपीके फाईल, ती सख्ख्या भावाच्या क्रमांकावरून आलेली असली तरी, दाबूं नये. हवें असलेलें ॲप प्ले स्टोअरवर स्वतः नांव शोधून, करणाराचें नांव वाचून घ्यावें. २०१७ सालच्या अँड्रॉइड ८ पासून बाहेरचें ॲप बसविण्याची मुभा प्रत्येक ॲपास वेगवेगळी द्यावी लागते. मोबाईलच्या सेटिंगमध्यें 'अनोळखी ॲपें बसविणें' अशा अर्थाची जागा असते. तेथें व्हॉट्सॲप, ब्राउझर इत्यादि सर्वांपुढील मुभा बंद आहे ना, हें आजच पाहून घ्यावें. प्ले प्रोटेक्ट नांवाची राखण चालू ठेवावी. ती बंद करा असें जो सांगेल, तो आपला हितचिंतक नव्हे.

८. चुकून बसविलें असल्यास

लाजेनें झांकून ठेवूं नये. येथें वेळेस मोल आहे. प्रथम मोबाईलचें इंटरनेट व सिमकार्ड दोन्ही बंद पडतील असा विमान मोड लावावा. दुसऱ्याच्या मोबाईलवरून १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी व बँकेस खातें, कार्ड व यूपीआय थांबविण्यास कळवावें. पैसे एका खात्यांतून दुसऱ्यांत सरकत असतां मध्येंच गोठविण्याची व्यवस्था ह्या क्रमांकामार्फत होते. जितका उशीर, तितके ते दूर जातात. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन ह्या सरकारी स्थळावरही तक्रार करतां येते. तदनंतर ओळखीच्यांस सावध करावें. असें ॲप आपलें चित्र लपवून राहतें, म्हणून छायाचित्रें काढून घेऊन मोबाईल मूळ स्थितींत आणणें हाच खात्रीचा उपाय. बँकेच्या पिना त्यानंतर, अथवा दुसऱ्या स्वच्छ मोबाईलवरून, बदलाव्या. आलेली फाईल मात्र पुराव्यासाठीं संगणकावर जपून ठेवावी, व निरोपाचें चित्र काढून ठेवावें.

भावकींतल्या त्या तरुणास दोन दिवस पत्ताच न लागल्यामुळें उशीर झाला. तक्रार झाली, पण हें लिहीपर्यंत त्याचे पैसे परत आलेले नाहींत. तो कष्टाळू व सुशिक्षित आहे. त्याच्या ठायीं बुद्धि उणी नव्हती. गांठोडें सोडून पाहावें ही संवय नव्हती, इतकेंच. आपण कागदावर अंगठा उठविण्यापूर्वीं तो वाचून घेण्यास शिकलों, तें पुष्कळांच्या जमिनी गेल्यानंतर. पडद्यावर बोट ठेवणें हाही एक अंगठाच आहे. तो उठविण्यापूर्वीं वाचण्यास शिकावयाचें, तें खातीं रिकामीं होण्याची वाट न पाहतां शिकावें. सभासदांपैकीं ज्यांस ही रीत प्रत्यक्ष पाहावयाची असेल, त्यांनीं संशयित फाईल न दाबतां तशीच घेऊन संघाच्या कचेरींत यावें. ती सोडून दाखविण्यास आम्ही आनंदानें बसूं.